पदरचा माणूस

१

दुपारचे चार वाजले की मी खोलीचे पडदे ओढायचो आणि दादा विचारायचा, "ओढलेस का रे?" ज्याला दिसतच नाही त्याला पडद्यांची काय पंचाईत, असं तुम्हाला वाटेल. दादाचं म्हणणं, अंधार केला की आवाज जवळ येतो. आठ वर्षं न दिसणाऱ्या माणसाशी आवाजावरून हुज्जत घालण्यात काही हशील नाही, म्हणून मी गुपचूप पडदे ओढायचो आणि डिस्क मशीनमध्ये सरकवायचो.

छंद आम्हा दोघा भावांचा. जुने सिनेमे डीव्हीडीवर जमवायचे मी, आणि त्याच सिनेमांच्या संगीताच्या मोठ्या काळ्या रेकॉर्ड जमवायच्या दादाने. सिनेमा आणि त्याची रेकॉर्ड, दोन्ही हाती आलं की 'जोडी लागली' म्हणायचं आणि ती जोडी मधल्या फळीवर ठेवायची. जोडी न लागलेली मंडळी वरच्या-खालच्या फळ्यांवर एकेकटी उभी असायची. वहिनी, म्हणजे दादाची बायको, त्यांना 'लग्नाळू' म्हणायच्या. "भावजी, आधी स्वतःचं बघितलं असतंत तर," असंही वर ऐकवायच्या, कारण मी बिनलग्नाचा, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहणारा.

मी छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासली. लोकांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. दादा दातांच्या कवळ्या बनवायचा. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं दादाच्या हातच्या दातांनी जेवायची. नजर गेल्यावर ते काम सुटलं, पण खोड सुटली नाही. सिनेमातला एखादा पोक्त नट दोन वाक्यं बोलला की दादा म्हणायचा, "वरची कवळी सैल आहे याची. बोलताना जिभेने आवरतोय बघ."

संवाद त्याला ऐकू यायचे. मधलं सगळं मी सांगायचो. कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात काय आहे, बाईचा चेहरा कसा झाला. चारशे बारा जोड्या मी त्याला अशा सांगितल्या, आणि खरं सांगायचं तर त्या दोन तासांइतकं मला दिवसभरात दुसरं काहीच आवडायचं नाही.

२

थाप मारली ती सहा वर्षांपूर्वी. एवढी वर्षं चुका काढणाऱ्याने ती मारली, म्हणून जास्त लागते.

सिनेमा फलाटाचा होता. धुकं, रात्रीची गाडी यायची आहे, नायिका बाकावर बसली आहे आणि अकरा मिनिटं कुणी तोंडातून अक्षर काढत नाही. नुसतं संगीत. अशा वेळी सांगणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. त्यात माझं डोकं ठणकत होतं आणि दादा काही सोडत नव्हता.

"मागे काय आहे?"

"धुकं."

"धुक्यात कोण आहे?"

"कुणी नाही रे."

"फलाटावर कुणी नाही असं कसं होईल? नीट बघ."

मी वैतागलो. म्हटलं, "आहे बाबा. मागे एक माणूस उभा आहे. करड्या कोटातला. हातात टोपी."

"काय करतोय?"

"काही नाही. उभा आहे."

दादा एवढा खूश झाला, की मला बरंच वाटलं. संपेपर्यंत त्याने चार वेळा विचारलं, "आहे का अजून?" आणि चारही वेळा मी म्हटलं, आहे. दुसऱ्या दिवशी सिनेमा दुसराच होता, कंपनी दुसरी, साल दुसरं. बाजाराचं दृश्य आलं आणि दादा हळूच म्हणाला, "आपला माणूस आहे का यात?"

मला हसू आलं. "आहे की. भाजीवाल्याच्या मागे."

मग तो खेळच होऊन बसला. कचेरीत, जहाजावर, लग्नाच्या मांडवात, कुठेही मागे एक करड्या कोटाचा माणूस मी पदरचा घालायचो. तो कधी काही करायचा नाही, बोलायचा नाही. दादाला वाटायचं की जुन्या काळी गर्दीत उभा राहून पोट भरणारा कुणी गरीब नट असेल, कंपन्या-कंपन्यांतून फिरणारा. "एकदा तरी त्याला वाक्य द्यायला हवं होतं," असं तो हळहळून म्हणायचा. तेव्हाच खरं सांगून टाकायला हवं होतं. पण इतकी गोड समजूत मोडायला माझी जीभ रेटली नाही.

३

कुठलाही खेळ जुना होतो. चारेक वर्षांनी मी त्या माणसाला हळूहळू गाळायला लागलो. दादाने विचारलं तर 'आहे' म्हणायचं, आपणहून विषय काढायचा नाही. विचारणंही कमी होत गेलं. मला वाटलं, सुटलो.

एका दुपारी कोर्टाचा सिनेमा लावला होता. वकील बोलत होता, मी न्यायाधीशाच्या टेबलाचं वर्णन करत होतो. दादा मध्येच म्हणाला, "आज तो डावीकडे का गेला?"

"कोण?"

"आपला माणूस."

"मी काही बोललोच नाही त्याच्याबद्दल."

"नाही बोललास, म्हणून तर विचारतोय," दादा म्हणाला. "नेहमी उजवीकडे असतो. आज डावीकडे आहे. का?"

मी पडद्याकडे बघितलं. डावीकडे भिंत होती, आणि भिंतीवर घड्याळ.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"कळतं," तो म्हणाला, आणि चहाचा कप चाचपू लागला.

मी स्वतःची समजूत घातली. न दिसणाऱ्या माणसाचे कान तिखट होतात, मन खेळ करतं, आणि खेळाची सवय मीच लावलेली. त्या आठवड्यात दादाने सिनेमा न लावता फलाटाच्या सिनेमाची नुसती रेकॉर्ड ऐकायला काढली. सुई टेकली, व्हायोलिनं सुरू झाली, आणि तिसऱ्या मिनिटाला त्याने मान किंचित बाजूला केली. दारातून कुणी आत आलं की माणूस करतो, तशी. मी दाराकडे बघितलं. दार लावलेलं होतं.

४

आमचा डिस्कवाला खोक्यातून माल आणायचा, म्हणून त्याला आम्ही खोकेवाला म्हणायचो. बंद पडलेल्या दुकानांतल्या, वारलेल्या लोकांच्या कपाटांतल्या डिस्क तो उचलायचा आणि आमच्यासारख्या दोन-चार खुळ्यांना विकायचा. बोलायला चुरचुरीत.

"काका, आज तुमची सुटका करायला आलोय," तो म्हणाला आणि एक डीव्हीडी माझ्या हातात ठेवली. "ही आंधळ्या लोकांसाठी काढलेली. यात दुसरा आवाज आहे. संवाद थांबले की एक बाई सांगतात, पडद्यावर काय चाललंय ते. तुम्ही आपले आरामात चहा प्या."

सिनेमा हॉटेलातल्या खुनाचा होता, आमच्याकडे आधीपासून होता. मला त्या बाईंचा उगाचच राग आला. माझं काम दुसरं कुणी करणार, हे काही पचेना. पण दादाला उत्सुकता होती, म्हणून चारला पडदे ओढले आणि लावली.

बाईंचा आवाज स्वच्छ होता, कोरडा, घाई नसलेला. 'नोकर ट्रे घेऊन येतो. बाई पत्र पिशवीत लपवते.' मी मनातल्या मनात चुका शोधत होतो आणि एकही सापडत नव्हती. मग हॉटेलच्या दिवाणखान्याचं दृश्य आलं, आणि बाई त्याच आवाजात म्हणाल्या, 'उजवीकडे, दाराशी, करड्या कोटातला माणूस उभा आहे. हातात टोपी.'

दादाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "ऐकलंस? आपला माणूस. बाईंनीही हेरला."

मी हातातला कप खाली ठेवला. उजवीकडे पडदा संपत होता, आणि तिथे एका खुर्चीची पाठ होती.

५

आता मुद्रितं तपासणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते सांगतो. शब्द चुकीचा दिसला तर आधी मूळ प्रत काढायची. मी तेच केलं.

पहिलं म्हणजे, काळ्यापांढऱ्या सिनेमात सगळ्यांचेच कोट करडे. त्या काळी टोपी तर प्रत्येकाच्या हातात. दुसरं म्हणजे, असले रुंद चित्राचे सिनेमे जुन्या चौकोनी टीव्हीत मावावेत म्हणून कंपन्या दोन्ही कडा छाटून टाकायच्या. बाईंनी अख्खं चित्र बघून वर्णन केलं असेल आणि डिस्कवर छाटलेलं चित्र आलं असेल. म्हणजे तो माणूस दाराशी आहे, दार छाटलेल्या भागात आहे, आणि माझी थाप योगायोगाने खरी ठरली आहे. इतकं सरळ.

त्या रात्री मला छान झोप लागली. सकाळी खोकेवाल्याला फोन करून सांगितलं, न छाटलेली प्रत बघ.

तीन आठवड्यांनी त्याने आणून दिली. मी ती एकट्याने लावली, सकाळी, दादा अंघोळीला गेलेला असताना. दिवाणखाना आला. कडा खरंच छाटलेल्या होत्या; या प्रतीत खुर्चीच्या पलीकडे बरंच काही होतं. कुंडी होती. दार होतं. दार बंद होतं आणि दाराशी कुणीही नव्हतं.

मी चित्र थांबवलं आणि टीव्हीला नाक लावून बघितलं. मग वहिनींना बोलावलं. त्या हात पुसत आल्या.

"दाराशी कुणी दिसतंय का?"

"भावजी, चष्म्याचा नंबर वाढला की काय तुमचा? दार आहे नुसतं." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "काय झालंय?"

मी त्यांना सगळं सांगितलं, थापेपासून. त्या हसतील असं वाटलं होतं, पण त्या खुर्चीवर बसल्या. "हे दुपारी झोपेत कुणाशी तरी बोलतात," त्या म्हणाल्या. "तुम्हीच आत आहात असं मला वाटायचं."

६

डिस्कच्या वेष्टनावर, मागे, बारीक अक्षरात एक फोन नंबर होता. अंधांसाठी असल्या डिस्क काढणारी छोटी संस्था होती ती. तिथल्या माणसाने जरा आढेवेढे घेऊन निवेदन करणाऱ्या बाईंचा नंबर दिला. त्यांनी ते काम केव्हाच सोडलं होतं.

आवाज तोच होता, थोडा थकलेला. मी खूप दिवसांचा चाहता असल्यासारखं बोललो. वर्णन किती नेमकं करता वगैरे.

"नियमच होता आमचा," त्या म्हणाल्या. "जे दिसतं तेच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही. ऐकणारा माणूस आपल्यावर विसंबून असतो."

हे मला झोंबलं, पण मी ते गिळलं. "हॉटेलच्या दृश्यात तुम्ही दाराशी एक माणूस सांगितलाय," मी म्हटलं. "करड्या कोटातला."

मागे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

"तुम्हाला तो दिसला होता?" मी विचारलं.

"तुम्हाला नाही दिसत?"

"नाही."

पलीकडे त्यांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"मग बरं आहे," त्या म्हणाल्या. "तसंच राहू द्या." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा लावला, दोनदा, तीनदा. कुणी उचलला नाही. मला भीती वाटली, हे कबूल करतो. ती भीती कशाची होती ते सांगता येत नाही, पण त्या दिवसापासून मी स्वयंपाकघरातून माझ्या खोलीत जाताना दिवे लावत जायला लागलो, भर दुपारीसुद्धा.

७

याच सुमारास दादाच्या डोळ्याचं निघालं. उजवा डोळा कायमचा गेला होता. डावा मात्र, नवीन डॉक्टरीण बाईंच्या म्हणण्याप्रमाणे, नुसता आतून गढूळ झाला होता आणि तो साफ करता येण्यासारखा होता. निम्मी आशा धरा, असं त्या म्हणाल्या. दादाने पुरती धरली.

"पहिला कुठला सिनेमा बघायचा ते मी ठरवलंय," दवाखान्यातून येताना तो म्हणाला. रस्ता ओलांडताना त्याने नेहमीसारखं माझं कोपर धरलं होतं. "फलाटाचा. मला आपल्या माणसाला बघायचंय."

तो बघणार आणि तिथे नुसतं धुकं असणार. मग तो मला विचारणार. एक थाप, सहा वर्षं, रोज. थापेचंही एक वेळ चालेल, पण तिच्या आधाराने काय काय उभं आहे ते बघा. माझ्या शब्दावर तो गोळ्या गिळायचा. मी सांगेन त्या कागदावर, मी बोट ठेवेन तिथे सही करायचा. 'ये' म्हटलं की गाड्यांच्या मधून पाऊल टाकायचा. आठ वर्षं मी त्याचे डोळे होतो, आणि आता त्याला कळणार होतं की त्या डोळ्यांना नसलेली माणसं दिसायची.

वहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं. "भावजी, ऑपरेशनच्या आधी सांगून टाका. आपण सांगितलेलं वेगळं आणि सापडलेलं वेगळं. ते रागावतील, चार दिवस बोलणार नाहीत, मग हसतील. तुमच्यावर त्यांचा किती जीव आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

"सांगतो," मी म्हटलं.

रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. रोज चारला पडदे ओढायचो आणि तो विचारायचा, "आहे का रे?" आणि मी म्हणायचो, आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीसुद्धा मी आहेच म्हटलं.

८

पट्टी सुटायच्या दिवशी वहिनी दादाला घेऊन दवाखान्यात गेल्या. मी मुद्दाम घरी थांबलो.

मधल्या फळीवरून फलाटाची डिस्क काढली. ती हरवली म्हणावं तर दादाला प्रत्येक डिस्कची जागा बोटांनी पाठ. बिघडवली, तरी खोकेवाला आठवड्यात दुसरी प्रत आणून देईल. पण आजच्यापुरतं टळलं असतं. आजच्यापुरतं टळलं तर उद्या सांगायला धीर आला असता. माणूस असाच विचार करतो.

डिस्क आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला एक खोल ओरखडा काढला की मशीन तिला ओळखतच नाही. मी खिशातून किल्ली काढली. तुम्ही जमवणारे नसाल तर तुम्हाला कळायचं नाही. मी आयुष्यात कधी डिस्कच्या पाठीला बोट लावलेलं नाही, कडेनेच धरली. किल्ली आतल्या कडेला टेकवली आणि हात धजेना. शेवटी डोळे मिटून एक रेघ ओढली. बघतो तर ती आतल्या कडेपासून जरा बाहेर पडलेली, आखूड. दुसरी ओढायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात फाटकाचा आवाज आला आणि मी डिस्क डबीत घालून फळीवर ठेवली.

दादा स्वतःच्या पायांनी, कुणालाही न धरता, आत आला. डोळा लाल होता, पाणी गळत होतं. दारात थांबून त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"किती म्हातारा झालास रे," तो म्हणाला, आणि रडला. मीही रडलो. त्या क्षणी मला खरोखर आनंद झाला होता, हे लिहून ठेवतो.

९

"अर्धा तास फक्त," वहिनी बजावून गेल्या. "डॉक्टरांनी ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय." त्यांना औषधाच्या दुकानात जायचं होतं.

दादाने स्वतः पडदे ओढले. स्वतः डिस्क लावली. मी मनात म्हणत होतो, चालू नकोस, चालू नकोस. ती चालली. नायिका घरातून निघाली, टांग्यात बसली, स्टेशनात शिरली. दादा लहान मुलासारखा पुढे सरकून बसला होता. मी काहीही सांगत नव्हतो आणि त्याला ते जाणवतही नव्हतं.

फलाट आला. धुकं आलं. बाकावर बाई बसली. आणि चित्र थांबलं.

माझी रेघ बरोबर तिथे होती. एरवी ते दृश्य सरकून गेलं असतं. गाडी आली असती, मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली असती. आता ते समोर गच्च उभं होतं आणि मशीन आतल्या आत टक टक करत होतं. मी रिमोटसाठी हात लांब केला.

"राहू दे," दादा म्हणाला. "हाच ना तो?"

मी पडद्याकडे बघितलं. बाक, बाई, धुकं. दुसरं काही नव्हतं.

"अडकलीय डिस्क," मी म्हटलं. "चित्र थांबलंय."

"चित्र थांबलंय," दादा म्हणाला. "तो कुठे थांबलाय?"

मग मी पडद्याकडे बघणं सोडलं आणि दादाच्या डोळ्याकडे बघायला लागलो. तो डोळा हलत होता. धुक्याच्या मागच्या टोकापासून सावकाश पुढे येत होता, बाकाला वळसा घालून, बाईच्या पुढून. मग तो टीव्हीच्या कडेशी आला आणि थांबला नाही. कडेवरून उतरला, फळ्यांवरून आला, आणि माझ्या खुर्चीच्या डाव्या बाजूला, माझ्या डोक्याच्या जरा वर, स्थिर झाला.

मी मान वळवली नाही. मला वळवता आली नाही.

"दात नाहीत रे याला," दादा कळवळून म्हणाला. "एकही नाही. जबडा पार आत गेलाय. एवढं तू कधी सांगितलं नाहीस."

"दादा, इथे कुणी नाहीये." माझा आवाज फाटला. "कधीच नव्हता. मी थाप मारली होती. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं आणि तू सारखं विचारत होतास, म्हणून काहीतरी म्हटलं. मग तुला आवडलं म्हणून रोज म्हणत राहिलो. मला माफ कर. मी तुला फसवलं."

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने मान कलती करून कान पुढे केला होता. म्हातारी गिऱ्हाइकं समोर बसून बोलायची तेव्हा तो असाच बसायचा.

"हो," तो म्हणाला. "तेच सांगतोय तो."

"कोण सांगतोय?"

"पुटपुटतोय, पण मला कळतं. चाळीस वर्षं बिनदातांच्या माणसांचं ऐकलंय मी." तो आणखी थोडा वेळ ऐकत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मी तो चेहरा जन्मापासून ओळखतो, पण माझ्या बाबतीत तो असा कधी झाला नव्हता. "बाकीचंही सांगतोय."

"बाकीचं काय? बाकीचं काही नाही, दादा. एवढी एकच थाप. गोळ्या, कागद, सगळं मी अक्षर न् अक्षर खरं वाचलंय. आईची शपथ."

"असं तू म्हणतोस," दादा म्हणाला.

मी त्याचा हात धरायला गेलो. त्याने तो काढून घेतला, झटका न देता, सभ्यपणे, परक्या माणसापासून काढून घ्यावा तसा. मग तो उठला. नुकताच परत मिळालेला डोळा त्याने मिटून घेतला, घट्ट, आणि हात बाजूला लांब केला.

"मला जरा बाहेर नेता का?" तो म्हणाला. हे मला नव्हतं; मला तो 'नेतोस का रे' म्हणायचा.

त्याची बोटं हवेत एका जागी वळली आणि मिटली. माझं कोपर असायचं त्याहून चांगली वीतभर वर. बोटांची पेरं पांढरी पडली होती, घट्ट धरल्यावर पडतात तशी. तो चालू लागला. मला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारू ते सुचेना, कारण मी जे काही म्हणेन ते आता नुसतं माझं म्हणणं असणार होतं.

दाराशी उंबरा आहे, उंच. डोळे मिटलेले असूनही दादाने तिथे नेमकं पाऊल उचललं. कुणीतरी त्याला वेळेवर सांगितलं असावं.